ग्लायकोलिक अॅसिड, ऊन आणि आपला व्यापार

अत्तर, सुरमा, मेंदी, खिजाब आणि साबण हा आपल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून ते तालुक्याच्या आठवडी बाजारातील पथारीपर्यंत सौंदर्य प्रसाधनांच्या व्यापारात मुस्लिम दुकानदार, फेरीवाले आणि केशकर्तनालये चालवणारे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. पूर्वी फळीवर स्नो, पावडर, व्हॅसलीन आणि खोबरेल तेल असे. आता त्याच फळीवर ड्रॉपर लावलेल्या लहान बाटल्या आल्या असून त्यांच्यावर "ग्लायकोलिक अॅसिड ५ टक्के", "१० टक्के", कुठे कुठे "३० टक्के" असे छापलेले असते. कॉलेजात जाणारी मुलगी येते आणि नाव घेऊन बाटली मागते. दुकानदार देतो. पण ही वस्तू काय आहे आणि ती चेहऱ्यावर लावून उन्हात गेल्यास काय होते, हे गिऱ्हाइकाने विचारले तर सांगणार काय?

मालाचे एजंट येतात ते दोन प्रकारचे बोलतात. एक म्हणतो, हे अॅसिड लावले की ऊन जास्त बाधते, म्हणून सोबत आमचे सनस्क्रीनही ठेवा. दुसरा म्हणतो, उलट हे अॅसिड अल्ट्राव्हायोलेट किरणांमुळे पेशींना होणारी इजा कमी करते, असे संशोधनात सिद्ध झाले आहे. गंमत अशी की दोघांच्याही म्हणण्याला संशोधनाचा काही ना काही आधार आहे. तरीही दुकानात बसणाऱ्याने पहिल्याचेच ऐकावे, असे आमचे मत आहे. का, ते या लेखात सांगतो.

हे अॅसिड आहे तरी काय

अॅसिड म्हटले की आपल्याला बॅटरीचे पाणी किंवा सोनाराकडचा तेजाब आठवतो. ग्लायकोलिक अॅसिड त्या जातीचे नाही. दह्यातील लॅक्टिक, चिंचेतील आणि द्राक्षातील टार्टारिक, सफरचंदातील मॅलिक आणि लिंबातील सायट्रिक या अॅसिडांचे ते भावंड होय. या साऱ्या कुळाला अल्फा हायड्रॉक्सी अॅसिड म्हणतात आणि बाटलीवर त्याचे लघुरूप एएचए असे असते. आपल्या घरातील बायका चेहऱ्याला दही-बेसन लावत आल्या, त्यामागेही हेच रसायन थोड्या प्रमाणात काम करत होते. ग्लायकोलिक हे या कुळातील सर्वांत लहान रेणूचे अॅसिड आहे. त्यात कार्बनचे दोनच अणू असतात. लहान असल्यामुळे ते त्वचेत सहज शिरते आणि म्हणूनच कंपन्यांना ते आवडते.

त्वचेच्या उपचारात या कुळाचे महत्त्व अमेरिकेतील युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोन संशोधकांनी १९७४ साली दाखवून दिले. माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होण्याचा एक जन्मजात आजार असतो. त्या रोग्यांच्या त्वचेवरील जाड खपल्या या अॅसिडांनी सुटतात, असे त्यांना आढळले. म्हणजे आरंभ झाला तो औषध म्हणून. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील प्रसाधन कंपन्यांनी ते सुरकुत्या आणि डाग घालवण्यासाठी क्रीममध्ये घालायला सुरुवात केली आणि बघता बघता ते जगभर पसरले.

जाहिरातीत "उसाच्या रसापासून बनवलेले" असे छापतात. ग्लायकोलिक अॅसिड उसात असते, हे खरे. परंतु कारखान्यात बनणारा बहुतेक माल उसापासून काढलेला नसतो. फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या संयोगातून, किंवा क्लोरोॲसेटिक अॅसिडवर कॉस्टिक सोड्याची क्रिया करून तो तयार होतो. माल तोच, गुण तेच. पण कोल्हापूरच्या उसाचे नाव घेऊन विकायचे कारण नाही. आपल्या गिऱ्हाइकांकडून हलाल-हरामचा प्रश्नही येतो. हे अॅसिड कसेही बनवलेले असले तरी त्यात जनावराच्या चरबीचा संबंध येत नाही. शंका घ्यायचीच तर ती क्रीममधील इतर घटकांबाबत घ्यावी. ग्लिसरीन आणि स्टिअरिक अॅसिड वनस्पती तेलापासूनही बनते आणि चरबीपासूनही. म्हणून कंपनीकडून तेवढे लेखी विचारून घ्यावे आणि निर्णयासाठी आलिमांकडे जावे.

छप्पर आणि किरण

आता मुख्य विषयाकडे वळू. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. कौलारू घराच्या छपरावर जशी कौले एकावर एक रचलेली असतात, तशा या चपट्या, कोरड्या पेशी रचलेल्या असतात. खाली जिवंत पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, मरतात, कौल बनतात आणि शेवटी गळून पडतात. या प्रवासाला सुमारे महिनाभर लागतो.

उन्हातील जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत त्यांना अल्ट्राव्हायोलेट म्हणतात. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या या किरणांचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. यूव्हीबी हे तीव्र पण उथळ. ते वरच्या जिवंत पेशींपर्यंत पोचतात आणि त्वचा भाजतात. यूव्हीए हे खोलवर जातात, त्वचेला ताठपणा देणारे कोलॅजनचे तंतू कमजोर करतात आणि सुरकुत्या आणतात. काचेच्या तावदानातून यूव्हीबी जवळजवळ येत नाहीत, यूव्हीए मात्र बरेचसे येतात. दुकानाच्या काचेमागे दिवसभर बसणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

यूव्हीबी किरण जिवंत पेशीत शिरले की पेशीच्या केंद्रातील डीएनएवर पडतात. डीएनए म्हणजे पेशीची वंशावळ आणि कामाची वही. त्या वहीतील शेजारी शेजारी असलेली दोन अक्षरे किरणांच्या माऱ्याने एकमेकांना चिकटतात. मग पेशीला ती ओळ नीट वाचता येत नाही. अल्लाहने पेशीतच दुरुस्तीची सोय करून ठेवली आहे. पी-५३ नावाचे एक प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते, आणि दुरुस्ती करणारी प्रथिने चिकटलेला तुकडा कापून नवा तुकडा बसवतात. इजा फार झाली असेल तर पेशी स्वतःला संपवते, म्हणजे चुकीची वही पुढच्या पिढीकडे जात नाही. अशा मरणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखू येतात. त्यांना सूर्यदाह पेशी म्हणता येईल. त्वचेच्या तुकड्यात त्या किती दिसतात, यावरून उन्हाने किती नुकसान केले हे संशोधक मोजतात. दुरुस्तीही झाली नाही आणि पेशीही मेली नाही, तर वर्षानुवर्षांनी कर्करोगाचा धोका उभा राहतो.

या सगळ्यात वरचे छप्पर फार मोठे काम करते. ते किरणांचा काही भाग परतवते, काही शोषून घेते. ग्लायकोलिक अॅसिड नेमके या छपरावरच काम करते. मेलेल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे जे टाके असतात, ते अॅसिड सैल करते. जुनी कौले लवकर गळतात, त्वचा तुकतुकीत दिसते आणि गिऱ्हाईक खूष होते. पण कौले गळाली की ऊन आत येणारच.

मोजून पाहिले तेव्हा

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे तेथील एफडीएने, या प्रश्नावरील चाचण्यांचा आधार घेतला आहे. स्वयंसेवकांच्या त्वचेवर चार आठवडे एएचए लावण्यात आले आणि नंतर दिव्याने किरण सोडण्यात आले. त्वचा लाल होण्याची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढली. पेशींना होणाऱ्या इजेबाबतची संवेदनशीलता तर सरासरीने दुप्पट झाली. माणसामाणसांत मोठा फरक होता, हेही नोंदवलेले आहे. अॅसिड बंद केल्यावर आठवड्याने तपासले तेव्हा मात्र लावलेल्या आणि न लावलेल्या त्वचेत लक्षणीय फरक उरला नव्हता.

२००३ आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी हेच आणखी बारकाईने दाखवले. १० टक्के ग्लायकोलिक अॅसिड काही आठवडे लावले गेले. मग त्वचा जेमतेम लाल व्हायला जेवढे किरण लागतात, त्याच्या दीडपट मात्रा देण्यात आली. सूर्यदाह पेशी वाढल्या आणि डीएनएतील चिकटलेल्या अक्षरांचे प्रमाणही वाढले. २००९ च्या अभ्यासात तुलनेसाठी २ टक्के सॅलिसिलिक अॅसिडही लावले होते. त्याने अशी वाढ झाली नाही. मुरमांसाठी विकले जाणारे सॅलिसिलिक आणि डागांसाठी विकले जाणारे ग्लायकोलिक ही एकच गोष्ट समजणाऱ्या दुकानदारांनी इथे थोडे थांबावे. उन्हाच्या बाबतीत दोघांचे वागणे वेगळे आहे.

१८ टक्के आणि दुप्पट या दोन आकड्यांतला फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. समजा, एखाद्याची त्वचा ६० मिनिटांच्या उन्हात लाल होत असेल, तर आमच्या हिशेबाने आता ती साधारण ५० मिनिटांत होईल. हा फरक कुणाच्या ध्यानातही येणार नाही. शिवाय आपल्या सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर लाली दिसतच नाही. त्यामुळे गिऱ्हाईक प्रामाणिकपणे सांगते की, "महिनाभर लावले, काही झाले नाही." वरून दिसत नाही तेवढ्यात आत पेशींचे नुकसान दुप्पट होत असते. दिसण्यावर विश्वास ठेवून हा माल विकता येत नाही, तो असा.

दुसऱ्या एजंटचे म्हणणे

मग अॅसिड पेशींचे रक्षण करते हे कुठून आले? तेही हवेतून आलेले नाही. कोरिया आणि तैवानमधील संशोधकांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींवर आणि केस नसलेल्या उंदरांवर प्रयोग केले. त्यांत ग्लायकोलिक अॅसिडमुळे किरणांनंतर होणारा दाह आणि त्या दाहाचे रासायनिक संदेश कमी झाल्याचे आढळले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कोरियन अभ्यासात उंदरांच्या त्वचेवरील गाठीही कमी आढळल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २००७ साली उंदरांवरील मोठ्या अभ्यासाचा अहवाल दिला. त्यात ग्लायकोलिक अॅसिडच्या क्रीमने किरणांमुळे होणारे कर्करोग वाढलेही नाहीत आणि घटलेही नाहीत. सॅलिसिलिकने मात्र थोडे संरक्षण दिले.

यातले काहीच खोटे मानायचे कारण नाही. पण बशीतील पेशींवर छप्पर नसते, हे विसरता कामा नये. तिथे पेशी उघड्याच असतात, म्हणून छप्पर पातळ करणे हा अॅसिडचा मोठा परिणाम त्या प्रयोगात दिसूच शकत नाही. आतील दाह शमवण्याचा जो लहानसा गुण असेल, तेवढाच दिसतो. उंदराची त्वचाही माणसाच्या त्वचेहून पातळ आणि वेगळी असते. माणसाच्या अंगावर जेव्हा प्रत्यक्ष लावून पाहिले, तेव्हा इजा वाढली. दुकानात येणारे गिऱ्हाईक बशीत राहत नाही. म्हणून "उन्हापासून पेशींचे रक्षण करणारे ग्लायकोलिक अॅसिड" असा फलक लावणे आमच्या मते गिऱ्हाइकाची दिशाभूल आहे. मात्र "हे लावल्याने कर्करोग होतो" अशी उलटी अफवा उठवणेही चूकच. तसे २००७ च्या अहवालात निघाले नाही.

आपल्या हकीमसाहेबांना एक उदाहरण लगेच पटेल. कोडावर बावचीचे बी देतात आणि नंतर ऊन घ्यायला सांगतात. बावचीतील सोरालेन हे द्रव्य स्वतः किरण शोषून घेते आणि डीएनएला जाऊन चिकटते. म्हणूनच जास्त ऊन झाले तर फोड येतात. ग्लायकोलिक अॅसिड तसे नाही. ते उन्हाचे किरण स्वतः शोषत नाही. बावची म्हणजे घरात ठेवलेला दारूगोळा. हे अॅसिड म्हणजे छपरावरची कमी झालेली कौले. त्यामुळेच "रात्री लावा, सकाळी धुवा, मग काही भीती नाही" हा सल्ला अर्धवट ठरतो. चेहरा धुतल्याने अॅसिड जाते, कौले परत येत नाहीत. ती यायला दिवस लागतात.

टक्के पाहू नका, पीएचही पाहा

व्यापाऱ्यासाठी खरी मेख इथे आहे. बाटलीवर टक्के मोठ्या अक्षरात असतात, पीएच बहुधा नसतोच. पीएच म्हणजे आंबटपणाचे माप. आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त. त्वचेत शिरून काम करते ते मोकळे अॅसिड. अल्कलीने बांधले गेलेले अॅसिड फारसे शिरत नाही. पीएच सुमारे ३.८ असेल तेव्हा निम्मे अॅसिड मोकळे असते. ३.५ ला सुमारे ६८ टक्के मोकळे, २ ला जवळजवळ सगळेच मोकळे आणि ५ ला जेमतेम ६ टक्के. आता हिशेब करा. १० टक्क्यांची बाटली पीएच ५ ची असेल तर तिच्यात मोकळे अॅसिड शेकडा अर्ध्याहून थोडे जास्त. ५ टक्क्यांची बाटली पीएच ३.५ ची असेल तर तिच्यात शेकडा सव्वातीनच्या वर. म्हणजे जिच्यावर लहान आकडा आहे, ती पाचपटीहून अधिक जोरदार निघाली. पीएचच्या कागदी पट्ट्या रसायनांच्या दुकानात स्वस्तात मिळतात. नव्या कंपनीचा माल घेताना एक बाटली फोडून पट्टी बुडवून पाहायला पाच मिनिटे लागत नाहीत.

अमेरिकेत प्रसाधनांच्या घटकांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने १९९८ साली मर्यादा सांगितली. घरगुती वापराच्या मालात ग्लायकोलिक आणि लॅक्टिक अॅसिड १० टक्क्यांपर्यंत असावे, पीएच ३.५ पेक्षा कमी नसावा आणि उन्हाची संवेदनशीलता वाढणार नाही अशी मालाची रचना असावी, नाहीतर रोज ऊन टाळण्याच्या सूचना सोबत असाव्यात. प्रशिक्षित माणसाच्या हातून पार्लरमध्ये वापरायच्या मालासाठी ३० टक्के आणि पीएच ३ ही मर्यादा ठेवली, तीही थोडा वेळ लावून लगेच नीट धुण्याच्या अटीवर. युरोपच्या शास्त्रीय समितीने २००० साली याहून कडक सल्ला दिला: ग्लायकोलिक ४ टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.८ च्या वर. अमेरिकेच्या एफडीएने २००५ साली कंपन्यांना सुचवले की, अशा मालावर उन्हाचा इशारा छापावा. इशाऱ्याचा आशय असा की, हे वापरत असताना आणि बंद केल्यावर पुढे एक आठवडा सनस्क्रीन लावावे, अंग झाकणारे कपडे वापरावेत आणि उन्हात कमी जावे. ही सूचना आहे, सक्तीचा कायदा नव्हे. आपल्याकडच्या प्रत्येक बाटलीवर असा मजकूर असेलच असे नाही. तो दुकानदाराने तोंडाने सांगावा, किंवा मराठी-उर्दूत चिठ्ठी छापून पिशवीत टाकावी. शंभर चिठ्ठ्यांना खर्च तो किती!

घरी मिसळण्याचा धंदा

आता थोडे कडू बोलतो. रसायनांच्या घाऊक बाजारात ग्लायकोलिक अॅसिडचे ७० टक्क्यांचे द्रावण कॅनमध्ये मिळते. ते आणायचे, पाणी घालायचे, ड्रॉपरच्या बाटल्या भरायच्या आणि लेबल चिकटवायचे, असा सोपा धंदा काही तरुणांना सुचतो. हिशेब सरळ वाटतो, कारण १०० ग्रॅम मालाला ७० टक्क्यांचे सुमारे सव्वाचौदा ग्रॅम द्रावण घेतले की १० टक्के झाले. पण नुसत्या पाण्यात बनवलेल्या अशा द्रावणाचा पीएच २ च्याही खाली असतो. तो वाढवायला मोजून अल्कली घालावी लागते आणि प्रत्येक घाणीला पीएच तपासावा लागतो. हे न करता विकलेली बाटली चेहरा भाजू शकते. ७० टक्क्यांचे द्रावण तर सरळ डोळा घालवील. लहान मुले असलेल्या घरात त्याचा कॅन ठेवू नये.

कायद्याने तर हे चालतच नाही. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा १९४० चा आणि सौंदर्य प्रसाधने नियम २०२० चे. त्यांनुसार विक्रीसाठी प्रसाधन बनवायला परवाना लागतो आणि तो महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. स्वतःचा कारखाना नसेल तर दुसऱ्या परवानाधारकाच्या कारखान्यात आपला माल बनवून घेण्यासाठी लोन लायसन्सची सोय आहे. ज्यांना खरोखर आपला ब्रँड उभा करायचा आहे, त्यांनी हा रस्ता धरावा. बाटलीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख आणि घटकांची यादी हवी. लेबलवर खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान असेल तर तो माल कायद्याच्या भाषेत मिसब्रँडेड ठरतो. दुबईहून बॅगेत आणलेला माल फळीवर मांडणाऱ्यांसाठीही सांगतो, आयात प्रसाधने विकण्यासाठी त्यांची केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे नोंदणी झालेली असावी लागते.

किरकोळ दुकानदाराला कायद्याने एक आधारही दिला आहे. माल परवानाधारक उत्पादकाकडून किंवा रीतसर व्यापाऱ्याकडून घेतला, वाजवी काळजी घेऊनही दोष कळणे शक्य नव्हते आणि माल नीट साठवला होता, हे दाखवता आले तर त्याचा बचाव होऊ शकतो. पण माल कुणाकडून घेतला, हे तपासनिसाने विचारल्यावर सांगणे बंधनकारक आहे. पक्के बिल नसेल तर सांगणार काय? दोन रुपये वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल उचलणारे आपले भाऊ इथेच अडकतात.

शरीअतीचा मामला तर यापेक्षाही साफ आहे. मालातील ऐब ठाऊक असून न सांगता विकणे नाजायज, हे लहानपणापासून आपण ऐकत आलो. उन्हात बाधणारी वस्तू उन्हाळ्यात, दिवसभर रस्त्यावर फिरणाऱ्या मुलाला काही न सांगता विकणे, हा ऐब लपवणे नव्हे तर दुसरे काय?

कुणाला जास्त जपायचे

सलूनवाल्या बंधूंनी दाढी केलेल्या ताज्या त्वचेवर पील लावू नये. वस्तऱ्याने वरचा थर आधीच खरवडलेला असतो. ब्लीच, वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केलेल्या दिवशीही नको. ३० टक्क्यांच्या वरचे पील हे डॉक्टरांचे काम आहे, कितीही गिऱ्हाईक मागे लागले तरी. आपल्या त्वचेला आणखी एक खोड आहे. भाजली की ती काळी पडते. गोऱ्या माणसाला उन्हाचा त्रास लालीने होतो, आपल्याला डागाने. वांग किंवा मुरमांचे डाग घालवायला आलेले गिऱ्हाईक अॅसिड लावून उघड्या उन्हात हिंडले, तर अधिक गडद डाग घेऊन परत येते आणि तक्रार दुकानदाराच्या गळ्यात पडते.

ग्रिल आणि फॅब्रिकेशनच्या कामातील कारागीर मुलेही हल्ली या बाटल्या वापरतात. वेल्डिंगच्या ठिणगीतून निघणाऱ्या झोतात अल्ट्राव्हायोलेट किरण भरपूर असतात. काच न लावता काम केल्यास डोळे येतात आणि मान भाजते, ती त्यामुळेच. चाचण्यांतील किरणही दिव्याचेच होते, सूर्याचे नव्हते. किरण कुठून आले हे त्वचा विचारत नाही. वेल्डरने हे अॅसिड वापरूच नये. वापरायचेच तर मान आणि चेहरा पूर्ण झाकून काम करावे.

सनस्क्रीन देताना एसपीएफ ३० किंवा अधिक आणि यूव्हीएसाठी पीए चिन्ह असलेले द्यावे. एसपीएफ ३० नीट लावले तर लाली आणणाऱ्या किरणांचा सुमारे तिसावा हिस्साच आत जातो. मात्र हे माप दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर धरून काढलेले असते. लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. जोहरच्या नमाजचा वजू नेमका भर उन्हाच्या वेळी येतो आणि सकाळी लावलेले सनस्क्रीन धुऊन जाते. वजूनंतर पुन्हा लावावे. पाण्याला दाद न देणाऱ्या सनस्क्रीनवरून वजू होतो की नाही, हा प्रश्न आलिमांचा आहे. व्यवहार म्हणून, धुतले जाणारे सनस्क्रीन घेऊन प्रत्येक वेळी नव्याने लावणे हा बिनधोक मार्ग. याखेरीज टोपी, रुमाल, ओढणी आणि छत्री यांना पैसे पडत नाहीत आणि ती घासून निघत नाहीत.

लग्नसराई एप्रिल-मे महिन्यात येते आणि आपल्याकडे याच काळात अल्ट्राव्हायोलेट किरणांचा जोर सर्वाधिक असतो. त्याच वेळी नवरीकडची मंडळी "आठ दिवसांत चेहरा उजळेल असे काही द्या" म्हणत दुकानात येतात. त्यांना ग्लायकोलिक देऊ नये. ज्या मुली आधीपासून वापरत असतील त्यांना निकाहच्या तारखेआधी निदान आठवडाभर ते बंद करायला सांगावे, आणि त्या आठवड्यातही उन्हापासून तितकेच जपायला सांगावे.